इमोबिलायझरचा कोड उडवला, तिसऱ्या दिवशी परत हजर

तासगावकर_मास्तर · रविवार, रात्री ९.१२

मंडळी नमस्कार. आजवर इथे नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "ही घेतलीच कशाला" असे येतील.

तक्रार अशी. सेल्फ मारला की इंजिन चालू होतं, दोन सेकंद टिकतं आणि मान टाकतं. मीटरवर गाडीच्या चित्रात कुलूप असलेला लाल दिवा आहे, इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी यंत्रणा), तो फडफडत राहतो. चावी पाच-सहा वेळा काढून-घालून केली की कधीतरी धरते. बहुतेक वेळा सकाळीच होतं, पण परवा भर दुपारी बाजारात झालं. मागे ट्रॅक्टर, पुढे उसाची बैलगाडी आणि मध्ये मी.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. दोषाचे तीन कोड निघाले: पी०५१३, यू०१६७ आणि तिसरा बी-ने सुरू होणारा. तीनशे रुपये घेतले, कोड उडवले, गाडी दोन दिवस लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी तेच. परत तीनशे, परत उडवले. आता तो म्हणतो बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, कुलपं वगैरे सांभाळणारा कॉम्प्युटर) गेलंय, २८ हजार लागतील.

मी वैतागून मोबाईलवर कोड दाखवणारं ब्लूटूथवालं डोंगल मागवलं, साडेसहाशेचं. ते लावलं तर मोबाईलवर "एकही दोष नाही" असं हिरव्या अक्षरांत दाखवतंय, आणि गाडी समोर बंद उभी!

प्रश्न एवढाच, हे कोड कायमचे कसे उडवायचे?

---

पेठेतला_पेठकर · रविवार, रात्री ९.३०

बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्धा तास ठेवा, परत लावा. सगळं रिसेट. माझ्या १९९९ च्या गाडीला दर दिवाळीला करतो. तीनशे रुपये कसले देताय?

---

कृष्णाकाठचा_वायरमन · रविवार, रात्री १०.०५

पेठकर साहेब, तुमच्या ९९ च्या गाडीत उडवण्यासारखं होतंच काय? दिवाळीला उटणं लावल्यासारखं करताय, करा.

मास्तर, २०१४ च्या गाडीत बॅटरी काढून इमोबिलायझरचं काही पुसलं जात नाही. चावीची ओळख जिथं साठवलेली असते ती मेमरी बॅटरी काढली तरी तशीच राहते. तशी नसती तर चोरानं पाना घेऊन निगेटिव्ह काढली असती आणि गाडी घेऊन गेला असता. बॅटरी काढल्यावर एखादा इंजिनाचा कोड जाईल, घड्याळ बारावर येईल, काही गाड्यांत टेप कोड मागत बसेल. चावीचा दिवा आहे तिथंच.

आता माझे प्रश्न. एकेक उत्तर द्या, गाळू नका:

बॅटरी किती वर्षांची आहे? दुसरी चावी आहे का, आणि तिनं गाडी चालू करून बघितली का? चावीच्या जुडग्यात आणखी काय काय आहे? गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीत काही नवीन बसवलं का? जीपीएस, सेंट्रल लॉक, टेप, काहीही.

आणि गॅरेजवाल्यानं कोडचा कागद दिला असेल तर फोटो टाका.

---

तासगावकर_मास्तर · रविवार, रात्री १०.४०

बॅटरी: साडेचार वर्षं झाली असतील. पण सेल्फ फिरतो की.

दुसरी चावी: आहे, पण मेव्हण्याकडे इचलकरंजीला. गाडी अधूनमधून तो नेतो.

जुडगं: घराची, शाळेच्या कपाटाची, बुलेटची.

नवीन: काहीच नाही. जीपीएस नाही, टेप कंपनीचाच.

कागद: आहे, पण थर्मल पेपर आहे. डॅशबोर्डवर उन्हात ठेवला होता, आता कोरा दिसतोय. पहिले दोन कोड मी वहीत उतरवले होते म्हणून आठवतात. तिसऱ्याचं फक्त "बी" लक्षात आहे.

---

ओंटारियोकर · सोमवार, पहाटे ४.२० (इकडे रविवार संध्याकाळ)

डोंगलबद्दल सांगतो, कारण तिथे अर्धी जनता फसते.

कोडचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसिस (ब्रेक, स्टेअरिंग वगैरे), यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. पी०५१३ चा अर्थ "इमोबिलायझरची चावी चुकीची", आणि यू०१६७ चा अर्थ "इमोबिलायझर मॉड्यूलशी संपर्क तुटला". पहिल्यात चावी ओळखली गेली नाही. दुसऱ्यात ओळखणारा पहारेकरीच फोन उचलत नाही. मास्तर, दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत हे ध्यानात ठेवा.

स्वस्त डोंगल गाडीला ओबीडीचे (गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची ठरलेली पद्धत) ठरलेले प्रश्न विचारतं. त्यातली तीन नंबरची विचारणा म्हणजे "प्रदूषणाशी संबंधित पक्के कोड दे", आणि चार नंबरची म्हणजे "ते पुसून टाक". ओबीडी मुळात धुरासाठी आला. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचा, भारतात ओबीडी-२ २०१३ पासून. चावी चुकीची असली तर धूर वाढत नाही, त्यामुळे त्या यादीत ती तक्रार यायचं कारणच नाही. बॉडी मॉड्यूलला त्याच्या वेगळ्या पत्त्यावर, कंपनीच्या भाषेत विचारावं लागतं. नव्या गाड्यांत त्या भाषेत वाचायची सेवा १९ नंबरची आणि पुसायची १४ नंबरची. गॅरेजच्या स्कॅनरला ते येतं, साडेसहाशेच्या डोंगलबरोबरच्या फुकट ॲपला येत नाही. तुमचं डोंगल खोटं बोलत नाहीये, त्याला विचारलंच नाही.

जाता जाता एक गंमत. ही डोंगलं ज्या ईएलएम३२७ चिपची नक्कल आहेत ती कॅनडातल्या एका छोट्या कंपनीची. २०२२ मध्ये ती कंपनी बंद झाली. बाजारात "आवृत्ती १.५" छापलेली डोंगलं ढिगाने मिळतात, आणि मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही.

---

वाशिष्ठीकाठ · सोमवार, सकाळी ८.१५

मास्तर, कोड उडवत बसण्याचा माझा अनुभव वेगळ्या दिव्याचा आहे, पण रोग तोच.

गेल्या जुलैत चिपळुणात आमच्या गाडीचा चोर-अलार्म रात्री तीनला वाजायला लागला. पहिल्या रात्री सगळी सोसायटी गॅलरीत. कोणीतरी टॉर्च मारतंय, कोणीतरी "चोर पळाला" म्हणून सांगतंय, ज्याने काहीच पाहिलेलं नाही असा माणूस चोराची उंची सांगतोय. दुसऱ्या रात्री निम्मी सोसायटी. तिसऱ्या रात्री वॉचमन एकटा आला आणि म्हणाला, "ताई, तुमचंच हाय."

गॅरेजमध्ये कोड निघाला बॉनेटच्या स्विचचा. उडवला. घरी आणली, पाऊस पडला, परत. तीनदा उडवला. चौथ्यांदा मी स्वतः बॉनेट उघडून उभी राहिले. कुलपाजवळ बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. बॉनेट बंद झालं की तो दाबला जातो आणि अलार्मला कळतं की बंद आहे. त्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या जोडात, हिरवा गंज धरला होता. पाणी शिरलं की गाडीला वाटायचं कोणी बॉनेट उघडलं. कपलर काढला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, टूथब्रशने घासला, सुकवला. पूर्ण पावसाळा गेला, आवाज नाही.

तीन वेळा उडवायचे नऊशे, आणि बरा झाला स्प्रेच्या डब्यात. म्हणून म्हणते, कोड काय सांगतोय ते आधी वाचा.

---

बोका_नं_१ · सोमवार, सकाळी ९.०२

उंदीर बघा आधी. आमच्या गाडीत वायरिंग खाल्लं होतं. आता बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या बांधून ठेवतो. गाडीत बसलं की आजोबांची आठवण येते.

---

कृष्णाकाठचा_वायरमन · सोमवार, दुपारी १.३०

वाशिष्ठीताईंनी लाख बोललात. मास्तरांना मास्तरांच्या भाषेत सांगतो. हजेरीपटावरची गैरहजेरी खोडली म्हणून पोरगं वर्गात येऊन बसत नाही. तुमचा गॅरेजवाला दर तीन दिवसांनी तीनशे रुपये घेऊन पट खोडतोय.

उडवायचा नाही असं नाही. उडवायचाच, पण शोधण्यासाठी. आधी सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचायचे, एकट्या इंजिनाचे नाही. पडद्याचा मोबाईलवर फोटो घ्यायचा, थर्मल कागदावर भरवसा नाही ठेवायचा. कोडसमोर "सध्याचा" लिहिलंय की "जुना" ते बघायचं. जुना म्हणजे कधीतरी झालं होतं, आत्ता नाही. मग उडवायचे. इग्निशन बंद करून थोडं थांबायचं, परत चालू करून परत वाचायचे. जो लगेच परत आला तो दोष आत्ता गाडीत बसलेला आहे. जो दोन दिवसांनी आला तो कधी आला, कुठल्या चावीनं आला, गाडी थंड होती की गरम, हे वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एवढंच आहे, पण कोणी करत नाही कारण यात बिल होत नाही.

गाडीचं काम कसं चालतं ते थोडक्यात, म्हणजे कुठं बघायचं ते कळेल. चावीच्या मुठीत एक चिप असते. रिमोटची ती नव्हे, तिच्यापासून वेगळी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते, ती १२५ किलोहर्ट्झवर फुंकर मारते, त्या फुंकरीवर चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख पटली की इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, "सोड" म्हणून निरोप जातो. नाही पटली की ईसीएम डिझेल बंद करतो. तुमची गाडी दोन सेकंद चालून मान टाकते ती अशी. लोकांना वाटतं डिझेल फिल्टर गेला. रिमोटचा सेल संपला तरी असल्या चावीनं गाडी चालू होते, कारण रिमोट आणि चिप यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता परत विचारतो मास्तर. "नवीन काही नाही" म्हणालात. चावीचं कवर तरी बदललंत का?

---

तासगावकर_मास्तर · सोमवार, रात्री ८.५०

अहो तात्या, तुम्ही काय ज्योतिषी आहात का?

महिन्यापूर्वी सांगलीत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात चावीला फ्लिप कवर करून घेतलं. बटण दाबलं की पातं टॉक करून बाहेर येतं ते. साडेआठशे रुपये. जुन्या चावीची बटणं झिजली होती म्हणून. पण गाडी चालू करून दाखवली होती त्याने! म्हणून मी ते "नवीन" मध्ये धरलंच नाही.

---

कृष्णाकाठचा_वायरमन · सोमवार, रात्री ९.००

😀 धरलंच नाही.

मेव्हण्याकडून दुसरी चावी मागवा. तोवर ही चावी उघडू नका, मी सांगतो कशी उघडायची. आणि उद्या सकाळी गाडीला हात लावायच्या आधी मल्टिमीटरनं बॅटरीचं व्होल्टेज बघा. रात्रभर उभी असताना किती, आणि कोणीतरी सेल्फ मारत असताना किती. दोन्ही आकडे.

---

जुगाडू_जयसिंगपूर · सोमवार, रात्री ९.२५

*[हा प्रतिसाद संयोजकांनी काढला आहे.]*

धागासंयोजक · सोमवार, रात्री ९.४०

इमोबिलायझर कायमचा बंद करायची फाईल कुठे मिळते, हे या धाग्यावर विचारू नका आणि सांगू नका. स्वतःच्या गाडीचा दोष शोधणं हा विषय आहे, तो चालू द्या. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि गाडीत काय फेरफार केले ते विचारते, तेव्हा असली फाईल तुमच्याच गळ्यात येईल.

---

पेठेतला_पेठकर · सोमवार, रात्री १०.१५

विम्याचा विषय निघालाच आहे तर, चोरीविरोधी उपकरण बसवलं की प्रीमियममध्ये सूट मिळते ना?

धागासंयोजक · सोमवार, रात्री १०.३२

आपल्या पुण्यातल्या एआरएआयची (गाड्या आणि त्यांची उपकरणं तपासणारी संस्था) मान्यता असलेलं उपकरण असेल तर. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्यासाठी कुठूनही वायर कापून अलार्म बसवून घेऊ नका. त्या वायरी कुठे जोडल्या हे पुढच्या वायरमनला शोधावं लागतं.

---

तासगावकर_मास्तर · मंगळवार, सकाळी ७.०५

आकडे. रात्रभर उभी: ११.९. सेल्फ मारताना: ८.७ पर्यंत खाली. बायकोने चावी फिरवली, मी मीटर धरला. पहिल्या फटक्यात दोन सेकंद चालून बंद. तिसऱ्यांदा धरली. चालू झाल्यावर १४.१.

---

ओंटारियोकर · मंगळवार, सकाळी ७.४०

१४.१ म्हणजे अल्टरनेटर ठीक. बाकीचे दोन्ही आकडे वाईट. भरलेली बॅटरी उभी असताना १२.६ च्या आसपास हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये असा साधारण हिशोब. ८.७ ला स्टार्टर फिरतो, पण छोटे कॉम्प्युटर चक्कर येऊन पडतात आणि परत उठतात. त्याच क्षणी ईसीएम "चावी बरोबर आहे का" म्हणून विचारत असतो. उत्तर आलं नाही की लिहिला यू०१६७. इथे उणे वीसमध्ये बॅटरी म्हातारी झाली की गाडी दिवाळीच्या माळेसारखे यू-कोड टाकते. सगळी मॉड्यूलं एकमेकांविरुद्ध तक्रार करत असतात आणि दोषी एकच, बॅटरी.

माझा कल बॅटरीकडे.

कृष्णाकाठचा_वायरमन · मंगळवार, सकाळी ८.१०

माझा कल दोन्हीकडे. बॅटरीनं यू०१६७ समजतो, पण पी०५१३ कुणी टाकला? आणि बाजारात दुपारी, गरम गाडीत का झालं? गरम इंजिन हलकं फिरतं, तेव्हा बॅटरी एवढी खाली जात नाही. एका आजारावर सगळी लक्षणं बसवायची घाई नको.

---

तासगावकर_मास्तर · शुक्रवार, रात्री ९.३०

मेव्हण्याची चावी आली. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस वही ठेवली. शाळेत पोरं विचारत होती, सर गाडीत बसून काय लिहिताय.

जुनी चावी (मेव्हण्याकडची, कंपनीच्या मूळ कवरातली, जुडग्याशिवाय एकटी): १४ वेळा चालू केली, २ वेळा बंद पडली. दोन्ही वेळा सकाळची पहिली.

फ्लिप चावी: १२ वेळा, ५ वेळा बंद पडली. त्यातल्या तीन वेळा गाडी गरम होती.

मला गणित शिकवता येतं, हे मात्र वाचता येत नाही. उद्या शनिवार, अर्धी शाळा. तात्या, मिरजेला येतो.

---

वाशिष्ठीकाठ · शुक्रवार, रात्री १०.००

वाचता येतं की. सकाळची दुखणी दोन्ही चाव्यांना आहेत, म्हणजे ती गाडीची. गरम गाडीतली फक्त फ्लिपला, म्हणजे ती चावीची. तात्या बरोबर होते.

---

तासगावकर_मास्तर · शनिवार, रात्री ८.२०

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण असा धागा मला आधी सापडला असता तर सहाशे रुपये आणि एक महिना वाचला असता.

तात्यांनी आधी सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचले, फोटो मला पाठवला. पी०५१३ आणि यू०१६७ दोन्ही होते. बी-वाला तिसरा आता नव्हता. गॅरेजवाल्याने दुसऱ्यांदा उडवल्यापासून तो आलेलाच नाही. तो काय होता ते कोऱ्या कागदाबरोबर गेलं. मग तात्यांनी सगळे उडवले आणि म्हणाले, "आता पाटी कोरी."

एक गोष्ट त्यांनी बोट ठेवून दाखवली. स्कॅनरच्या यादीत "कोड पुसा" आणि "चाव्या पुसा" या दोन ओळी अगदी जवळजवळ असतात. त्यांच्याकडे शिकायला असलेल्या पोराने एकदा घाईत दुसरी दाबली आणि पुढचे "खात्री आहे का" हे दोन प्रश्नही हो-हो म्हणून उडवले. कोड राहिले, चाव्या गेल्या. गिऱ्हाईक कोकणातून आलेलं, दुसरी चावी घरी, चाव्या परत शिकवायला लागणारं पिनचं कार्ड हरवलेलं. गाडी टोचन करून न्यावी लागली. तेव्हापासून पुसण्याचं बटण तात्या स्वतः दाबतात.

आता चावी. वर्तमानपत्र पसरलं, फ्लिप चावीचा स्क्रू काढला, नखाने दोन फाका वेगळ्या केल्या. आत रिमोटची हिरवी पट्टी, सेल, पात्याची स्प्रिंग. आणि चिप? मी चिप म्हणजे सिमकार्डासारखं काही शोधत होतो. तात्यांनी कवर हलवलं. आत बारीक काहीतरी खुळखुळलं. जुडग्याच्या रिंगच्या बाजूला, कोपऱ्यात एक काळा तुकडा पडला होता, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा मोठा, पेन्सिलच्या शिशासारखा दिसणारा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा वाळलेला तुकडा होता. त्याची जागा पात्याच्या बुडाशी, तिथे कवरात त्याच्या मापाचा खळगाही होता, रिकामा. दुकानदाराने खळग्यात न बसवता टेपने वर चिकटवला, टेप उन्हात सुटला, आणि चिप मुठीत फिरायला लागली. पात्याकडे आली की गाडी चालू, जुडग्याकडे घरंगळली की इग्निशनच्या रिंगला दिसेना. तेव्हाची ती काढून-घालून कसरत म्हणजे मी नकळत चिप हलवत होतो.

तात्या म्हणाले, "नशीब, जुन्या कवरात राहिली नाही. निम्मी गिऱ्हाइकं जुनं कवर कचऱ्यात टाकतात आणि चिप त्यातच जाते."

चिपचा एक कोपरा किंचित उडाला होता, पण वाचली गेली. मग ती माझ्या मूळ जुन्या कवरात परत गेली (ते बायकोने शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं, तिचे आभार). जुडगंही वेगळं केलं. बुलेटच्या चावीत चिप नाही म्हणून ती चालली असती, पण दुसऱ्या चिपवाल्या गाडीची चावी एकाच जुडग्यात असेल तर दोघी एकदम बोलतात आणि इग्निशनच्या रिंगला कुणाचंच कळत नाही.

बॅटरी त्यांनी लोड टेस्टरवर लावली, काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. नवीन बॅटरी घेतली. जुन्या टर्मिनलवर पांढरी बुरशी होती, ती गरम पाण्याने धुतली, पट्ट्या घासल्या. आता उभी असताना १२.६, सेल्फ मारताना १०.४.

तात्यांनी मजुरीचे दोनशे घेतले आणि दोन कप चहा मलाच पाजला.

---

पेठेतला_पेठकर · शनिवार, रात्री ९.१०

म्हणजे शेवटी बॅटरीची निगेटिव्ह काढावीच लागली. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

कृष्णाकाठचा_वायरमन · शनिवार, रात्री ९.१४

🙏

---

ओंटारियोकर · रविवार, पहाटे ५.५०

२८ हजारांचं बॉडी मॉड्यूल घातलं असतं तर काय झालं असतं हेही लिहून ठेवतो. नव्या मॉड्यूलला चाव्या परत शिकवाव्या लागल्या असत्या. त्या वेळी फ्लिपमधली चिप नेमकी पात्याकडे असती तर शिकवणं पार पडलं असतं, आणि सोबत बॅटरी काढून चार्जरवर लावली असती तर आठवडाभर सगळं छान. मग नव्या मॉड्यूलवर संशय.

इथे कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाडीत इमोबिलायझर सक्तीचा आहे, ब्रिटनमध्ये १९९८ पासून. त्याच्याआधी काही अमेरिकन गाड्यांत चावीच्या पात्यावर काळा रोधक असायचा, पंधरा मापांपैकी एक. तो मळला की गाडी काही मिनिटं रुसून बसायची. आमचे इथले जुने मेकॅनिक अजून पहिल्यांदा चावी खिशातल्या रुमालाला पुसतात.

---

तासगावकर_मास्तर · पुढचा रविवार, संध्याकाळी ६.४५

आठ दिवस झाले. ४१ वेळा चालू केली (वही चालू आहे, सवय लागली), एकदाही नाही बंद पडली. काल मिरजेला गेलो होतो तेव्हा तात्यांनी सगळ्या मॉड्यूलचे कोड पुन्हा वाचले. रिकामं. उडवायला काही नव्हतं.

सांगलीच्या दुकानात जाऊन भांडावं का, असा विचार आला होता. गेलो. त्याने चिप कुठे असते हे विचारलं. मी दाखवलं. त्याने मोबाईलवर फोटो काढून घेतला.

---

बोका_नं_१ · पुढचा रविवार, संध्याकाळी ७.०१

मास्तर, ते रिकामं फ्लिप कवर विकायचं आहे का?

तासगावकर_मास्तर · पुढचा रविवार, संध्याकाळी ७.२०

नाही. धाकटीने घेतलंय. दिवसभर घरात टॉक, टॉक चालू आहे.